स्पिरुलिना टाकी, जानेवारीची नोंद: हीटर रात्रभर नको, पहाटे हवा

पुणे, गच्ची, पूर्वेचे ऊन. टाकीत स्पिरुलिना, म्हणजे प्रकाशावर वाढणारे तंतूंसारखे सायनोबॅक्टेरिया (नील-हरित शेवाळ). 40 लिटर पाणी, खोली 20 सेंमी. माध्यम (वाढीसाठीचे क्षारयुक्त पाणी) झारूकच्या कृतीचे: लिटरला 16.8 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, 2.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट, बाकी क्षार नेहमीच्या मापाने. या महिन्यात बदल एकच केला. 300 वॉटचा हीटर रात्रभर चालायचा, तो आता टायमरवर पहाटे सव्वापाच ते सात.

स्पिरुलिना दिवसा ग्लायकोजेन (साठ्याचे कर्बोदक) साठवते. अंधार पडला की सीपी12 हे इवलेसे प्रथिन केल्विन चक्रातली (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या साखळीतली) दोन विकरे (एन्झाइम) जखडून ठेवते, कार्बन बांधणे थांबते आणि साठा श्वसनात जळू लागतो. पाणी जितके उबदार, तितका जास्त जळतो. उबदार रात्री दिवसभराच्या वाढीतला चौथा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. पुण्याची थंड रात्र ही बचत फुकटात करून देते, तिच्यावर वीज कशाला घालवायची?

खरा धोका सकाळी. पाणी 13 अंशांवर आणि वर लख्ख ऊन, अशा वेळी प्रकाश तर शोषला जातो, पण गार पेशीतली विकरे तो वापरू शकत नाहीत. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतले (प्रकाशप्रणाली दोन) डी1 प्रथिन तुटते आणि थंडीत त्याची दुरुस्तीही रखडते. नऊच्या सुमारास रंग पिवळट, फेस चिकट आणि तंतूंचे गोळे दिसले तर हेच झाले असे समजा.

हिशेब सोपा आहे: 40 लिटर पाणी एक अंश तापवायला 300 वॉटला साधारण साडेनऊ मिनिटे लागतात. 13 वरून 22 वर जायला दीड तास, उष्णतागळती धरून पावणेदोन. 100 वॉटचा हीटर इथे कमीच पडतो. हीटर नसेल तर 50 टक्क्यांची शेडनेट पाणी 20 अंशांवर येईपर्यंत काढू नका.

हवेचा पंप मात्र रात्रभर हवाच. तो थांबला की तंतूंच्या दाट थरातला ऑक्सिजन संपतो, किण्वन सुरू होते आणि सकाळी आंबूस वास येतो. शिवाय स्थिर पाण्यात हीटर लावला तर वरचा थर गरम आणि तळ गारच राहतो. पाणी आटून हीटर उघडा पडला तर काच तडकते. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, म्हणून ईएलसीबीशिवाय (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हीटर लावूच नये.

रात्री किती साठा जळला ते मोजायला सामू (पीएच) निरुपयोगी. एवढ्या बायकार्बोनेटमध्ये दिवस-रात्रीचा फरक झाकला जातो. घरच्या तराजूवरही ही घट सापडत नाही. त्यापेक्षा परीक्षानळी घ्या. सूर्यास्ताला 20 मिली नमुना अर्धा तास स्थिर उभा ठेवा: ग्लायकोजेनने जड झालेले बरेच तंतू तळाशी गाळासारखे बसतात. पहाटे तसाच दुसरा नमुना ठेवा: साठा जळून हलके झालेले तंतू वायुपुटिकांच्या (पेशीतल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांच्या) जोरावर वर येतात आणि पृष्ठभागाशी गडद हिरवी टोपी बनते. काढणीही तेव्हाच करावी, कारण कर्बोदके कमी झाल्याने प्रथिनांचे प्रमाण सर्वांत जास्त असते.

रात्री दिवा लावून वाढ ओढू नका. सायनोबॅक्टेरियांना स्वतःचे घड्याळ असते; 2005 मध्ये नागोयाच्या संशोधकांनी कायए, कायबी, कायसी ही तीन प्रथिने आणि एटीपी एवढ्यावर ते परीक्षानळीत चालवून दाखवले. दिव्याच्या वेळा रोज बदलल्या तर त्या घड्याळाचा मेळ बिघडतो.

पहाटेचे पाणी 18 अंशांखाली जाईनासे झाले की हीटर काढायचा. शेडनेट मात्र पाणी 20 अंशांवर येईपर्यंत राहील.