३१ स्वरांची संध्याकाळ
आज संध्याकाळी सिंथेसायझर १२ ऐवजी ३१ समान भागांच्या सप्तकात लावला. सा, गंधार, पंचम आणि वर निषाद, चारही एकत्र धरले. हा निषाद सुमारे ९६८ सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग), म्हणजे पियानोवरच्या १००० सेंटच्या कोमल निषादाहूनही उतरलेला. एरवी या कॉर्डमध्ये जाणवणारी थरथर जवळजवळ गेलीच! तंबोरा नीट जुळल्यावर खर्जातून स्वयंभू गंधार उमटतो ना, अगदी तसं शांत वाटलं.

मग कोमल आणि शुद्ध यांच्या बरोब्बर मधला गंधार धरला. ना उजळ, ना उदास. कितीतरी वेळ बोट उचलवेना.

डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांचा ३१ स्वरांचा ऑर्गन १९५० मध्ये हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात उभा राहिला. आता तो अॅमस्टरडॅमला आहे. एकदा समोर बसून ऐकायचाय.