पायाशी आलेला चेंडू

आज टेनिसला, डबल्समध्ये नेटजवळ पुन्हा तेच. चेंडू समोरून येताना लख्ख दिसत होता, अगदी त्याच्यावरच्या पांढऱ्या शिवणीसकट. गुडघ्याखाली उतरला आणि त्याच्या कडाच विरघळल्या. रॅकेटच्या कडेला लागून तो बाजूच्या कोर्टवर गेला. जोडीदार म्हणाली, "अगं, जरा वाक की!" वाकलेच होते. दिसत नव्हतं.

हा घोळ प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा, आता शंका नाही. काचेच्या वरच्या भागात लांबचा नंबर, खाली वाचायचा. खालचा भाग हातातल्या पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटरवर बघायला. पायाशी आलेला चेंडू त्याच्या तिप्पट-चौपट लांब असतो. मान न हलवता नुसती नजर खाली गेली की चेंडू वाचायच्या काचेतून बघितला जातो. शिवाय खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी धूसर पट्टे, तिथे आलेला चेंडू डोलतो. ऑफिसात याच चष्म्यावर माझं उत्तम चालतं. कोर्टवर नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरून झाल्या. नजर मोकळी होते, काचेवर घाम ओघळत नाही, सर्व्ह करताना मान वर केली की फ्रेमची कड आडवी येत नाही. पण रॅली लांबली की मी पापण्या मिटायचंच विसरते, त्यात वारा असला की डोळे कोरडे. माझा सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळ्या दिशांना सारखी नाही, म्हणून टोरिक लेन्स, जी ठरावीक दिशेतच बसावी लागते. ती बुबुळावर जराशी फिरली तरी चेंडूला शेपूट फुटतं. एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर द्यायचा, असंही कुणी सुचवलं. नको! अंतराचा अंदाज दोन्ही डोळे मिळून बांधतात. लॉबखाली, म्हणजे डोक्यावरून उंच येणाऱ्या चेंडूखाली उभं राहून तोच घालवायचा म्हणजे स्मॅश देवाच्या भरवशावर.

आणि लेन्स डोळा वाचवत नाही. चेंडूचा व्यास साडेसहा सेंटीमीटरच्या वर, डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आदळताना तो चपटा होतो, आणि डबल्समध्ये नेटवर समोरचा दोन-तीन मीटरवरून हाणतो. म्हणून काच पॉलिकार्बोनेटचीच, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची. तिला ओरखडे लवकर पडतात, पडोत.

तेव्हा ठरलं: खेळण्यापुरता वेगळा चष्मा, फक्त लांबच्या नंबराचा. गालापर्यंत वळलेली फ्रेम दिसायला झकास, पण माझ्यासारख्या मोठ्या नंबराला वळलेल्या काचेत कडेचं चित्र वाकतं. मी कमी वळणाची, नाकावर रबरी पॅड असलेली घेणार, मागे पट्टा लावून. उन्हात रंग बदलणारी काच नको. सावलीत आल्यावर ती निवळायला वेळ घेते, आणि अर्धं कोर्ट सावलीत असलं की दर दोन फटक्यांनी उजेड बदलतो. सकाळच्या उन्हासाठी फिकट तपकिरी रंगाची वेगळी जोडी परवडली तर बघू. टीव्हीवर नीट दिसावा म्हणून १९७२ साली चेंडू पिवळा झाला, त्याचा फायदा आपल्यालाही होतो. तो पिवळेपणा मारणारा गडद रंग कशाला?

"चष्म्यावर कसलं टेनिस" म्हणणारे कोर्टवर आहेतच. त्यांना जुना टेनिसपटू यारोस्लाव ड्रॉबनी सांगावा. आइस हॉकीत डोळ्याला इजा झालेली, तरी चष्मा लावून १९५४ चं विंबल्डन जिंकला. नाहीतर दक्षिण कोरियाचा चुंग ह्योन, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला चौथ्या फेरीत जोकोविचला हरवून पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला, तोही चष्म्यावरच. (आपला बॅकहँड तसा नाही, हा भाग वेगळा.)

एक गोष्ट मात्र चष्म्याने सुटेलसं वाटत नाही. संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं, आणि लॉब त्यातून खाली येईपर्यंत मी आंधळी. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा सिलिंडरचा दोष जास्त जाणवतो. मोतीबिंदूची सुरुवातही असू शकते. काचेला चकाकी कमी करणारं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घेणारच आहे, पण त्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी. नंबर बदलला असेल तर नव्या काचा वाया नकोत. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालणार, पुढे काही तास उजेड सोसणार नाही, तेव्हा त्या दिवशी खेळ बंद. जोडीदाराला कळवलंय.