बेळगावची दिवाळी पहाट, आवडतं भजनी मंडळ आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

यंदा आमच्या आवडत्या भजनी मंडळाचा कार्यक्रम बेळगावला टिळकवाडीत होता, नरक चतुर्दशीच्या पहाटे, मोकळ्या पटांगणात मांडव घालून. निपाणीहून आई, वहिनी आणि मी जाऊन आलो. पुढं कुणी जाणार असेल तर वाचा, कारण हे मंडळ ऐकायचं तर कुठं बसायचं हे आधी ठरवलेलं बरं.

पहिलं म्हणजे आदल्या दिवशीच बेळगाव गाठा. हायवेनं अंतर 75 किलोमीटरच्या आसपास आहे, जास्त नाही, खरं सणाच्या पहाटे अंधारात वंटमुरी घाटातून गाडी दामटत येऊन वर मांडवात जागा धरायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना कर्नाटकच्या साध्या सरकारी गाडीत 2023 पासून तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण आधार कार्ड जवळ ठेवा, आणि गाडी राज्यातल्या राज्यात जाणारी आहे ना ते बोर्ड बघूनच चढा. आम्ही शहापुरात मावशीकडं राहिलो. मावशीनं काळोखातच उठवून उटणं-तेल लावून न्हाऊ घातलं, कारीट फोडलं, लाडू-चकली खाल्ली आणि रिक्षात बसलो. रिक्षावाल्या काकांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलेलं, तसं तुम्हीपण सांगा, त्या वेळेला रस्त्यावर रिक्षा मिळत नाही. काँग्रेस रोडकडून येणार असाल तर दुसऱ्या रेल्वे गेटचा वेळ हातात धरून निघा, गेट पडलं की गाडी जाईस्तोवर उभं राहायचं.

आता बसण्याचं. लोक सगळे मधोमध पुढं बसायला धावतात, किंवा स्पीकरच्या समोर. तसं करू नका. या मंडळात मुख्य गाणारे दोघं, एक काका आणि एक ताई, दोघं गोडच गातात, पण मंडळाची खरी ताकद मागं टाळ घेऊन बसलेल्यांत आहे. मुख्य गाणाऱ्यानं ओळ सोडली की मागचे ती एका आवाजात उचलतात, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, आणि उचलताना पट्टी, म्हणजे सुराची उंची, जराही हलत नाही. स्पीकरमधून फक्त पुढचे दोन आवाज ऐकू येतात आणि टाळ नुसते कानात खणखणतात. म्हणून स्टेजच्या पखवाजाच्या बाजूला, अगदी कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसा. तिथं माइकशिवायचे आवाज येतात. आम्ही तिथंच बसलो आणि आईला पहिल्यांदाच मागच्या बायकांचा आवाज सुटा सुटा ऐकू आला, ती दिवसभर तेच बोलत होती.

पखवाजही दोन आणलेले असतात त्याकडं लक्ष द्या. काका गातात काळी एकमध्ये आणि ताई काळी चारमध्ये, या पेटीवरच्या दोन वेगळ्या पट्ट्या, म्हणून गाणारा बदलला की पखवाजही बदलतो. मधल्या वेळात डाव्या बाजूला कणीक लावून तो सूर जमवणं चालू असतं, लोक त्या वेळेला गप्पा मारतात, तुम्ही बघत बसा.

सुरुवात रूपाच्या, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या अभंगानं, मग अहिर भैरव रागातला एक अभंग इतका संथ घेतला की माझ्या अंगावर काटा आला. मग गवळण. आणि उजाडता उजाडता काकांनी कानडी संत पुरंदरदासांचं पद घेतलं. पुरंदरदासांची मुद्रिका, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी नावाची खूण, 'पुरंदर विठ्ठल', आणि ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलेलं, त्यामुळं इकडच्या मंडळांना एका बैठकीत दोन्ही गाणं अवघड जात नाही. आमच्या पुढं बसलेल्या कानडी आजी तोवर शब्द सोडून नुसता सूर धरत होत्या, त्या या पदाला तोंडभर म्हणायला लागल्या, आणि त्याच्यामागून मंडळानं मराठी अभंग त्याच चालीवर जोडला. माझ्या मते ह्या एका जोडणीसाठी तरी माणसानं बेळगावला यावं. पुण्या-मुंबईच्या दिवाळी पहाटेत हे ऐकलेलं नाही मी.

सोबत शाल घ्याच, बेळगाव 750 मीटर उंचीवर आहे, मांडवाच्या कापडावरून दव खाली टपकतं. बसायला सतरंजी असते, म्हाताऱ्यांना खुर्ची लागणार असेल तर संयोजकांना आदल्या दिवशी सांगा.

संपल्यावर लगेच परत फिरू नका. जवळच 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा आहे, वीरसौध, गांधीजी अध्यक्ष होते ते अधिवेशन. तिथंच शाळकरी वयातल्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायलं होतं. गाणं ऐकून त्या आवारात गेलो तेव्हा फार बरं वाटलं. तिथून बाजारात जाऊन कुंदा घेतला, मांडेही घ्या, ते नेताना वर काही ठेवू नका, चुरा होतो.

पाडव्याला कार्यक्रम असेल तर मात्र दुपारी शहरातून बाहेर पडायची घाई ठेवू नका, गवळी लोक म्हशी सजवून पळवतात, चव्हाट गल्लीकडं गाडी नेणं जमायचं नाही.

आणि ज्यांना दिवाळीत घर सोडता येत नाही त्यांनी कार्तिकातल्या काकड आरतीला जा. कार्तिक पौर्णिमेपर्यंत हीच मंडळी आपापल्या गावच्या देवळात पहाटे गातात, तिथं माइक नसतो, टाळकऱ्यांच्या मागं जाऊन बसलं तरी कुणी उठवत नाही.