तांडेलाला कळलेला शब्द

पहाटे मालवणच्या जेटीवरून निघालो. ट्रॉलरवर तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, चार खलाशी, मी आणि परदेशातून आलेल्या एक मूल्यमापक बाई. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरची सागरी जैवविविधता जपायला जीईएफ या जागतिक पर्यावरण निधीचा पैसा होता, यूएनडीपी म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि आपली सरकारं मिळून काम चालवत होती. अशा प्रकल्पात मध्यावर आणि शेवटी बाहेरचं माणूस पाहून जातं. दुभाषी मी. बाईंना एकच विनंती केली होती, बोटीवर 'सँक्च्युरी' म्हणू नका.

1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यात पद्मगडाच्या आसपासचा 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा. गावात त्या शब्दाचा अर्थ एकच, मासेमारी बंद. सभा उधळायला तेवढा पुरायचा.

म्हणून आम्ही जाळ्याचं बोलायचो. ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं. त्याच्या शेवटच्या पिशवीचा नेहमीचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, शंकरपाळ्यासारखा. ओढताना ताण आला की तो मिटतो आणि पिल्लंसुद्धा आत अडकतात. 40 मिलिमीटरचा चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो. हे मी तांडेलाला वहीत काढून दाखवलं होतं. त्याने मान हलवली होती. म्हणजे पटलं नव्हतं. म्हणून आज चौकोनी पिशवीवर बाहेरून बारीक आसाचं दुसरं जाळं चढवलेलं. आतून निसटेल ते बाहेरच्यात सापडणार.

ओढ दीड तासाची. बाईंना बोट लागली, त्या कठड्याला धरून बसल्या, पण वही सोडली नाही.

जाळं वर आलं. बाहेरच्या पिशवीत बोटभर राणीमासे, सौंदाळ्याची पिल्लं, नखाएवढे लेपे. तांडेलाने ओंजळ भरून घेतली.

"ह्यांका भाव किती?" मी विचारलं.

"भाव खंयचो? खताक जाता ह्या." मग तो बोटांनी ढीग चाळू लागला. "आणि ही सुंगटां? ही पण गेली मा!"

सात-आठ कोळंब्या होत्या. छोट्या, पण विकण्याजोग्या. हे भाषांतर गाळायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू. बाईंनी "काय म्हणाला?" विचारलं तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी लिहून घेतलं.

आणि मग, उलटीने डोकं गरगरत असेल, त्या विसरल्या. तांडेलाकडे बघून इंग्रजीत सरळ विचारलं, तुमचा सँक्च्युरीला पाठिंबा आहे का?

मी घाईने सुरू केलं, "बाई इचारतत, मासो वाढाक..."

"सँक्च्युरी माका समाजता," तांडेल म्हणाला. "वाघ एका जाग्यार रवता. मासो रवता? मी सोडलेली पिल्लां रात्री हायस्पीडवालो येवन व्हरतलो. त्येका कोण सांगतलो?"

हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं. हायस्पीडवाल्याला, म्हणजे वेगवान मोठ्या ट्रॉलरवाल्याला, त्याने घातलेल्या शिवीला इंग्रजीत जोड मिळेना, तिथे जरा अडखळलो. बाईंनी बराच वेळ लिहिलं. प्रकल्पाच्या अहवालात किती जाळी वाटली याचा रकाना होता. रात्रीच्या हायस्पीडचा नव्हता.

तांडेलाने बाहेरची पिशवी समुद्रात रिकामी केली. पिल्लं बहुतेक मेलेलीच. कुरव पक्ष्यांची झुंबड उडाली. सुंगटां तेवढी त्याने आधीच वेचून बाजूला ठेवली होती.