एकादशी, दुप्पट खाशी

गेल्या वर्षी मी वारीत पुणे ते सासवड चाललो, असं ऑफिसात, सोसायटीत आणि सासुरवाडीला सांगून झालं होतं. खरं म्हणजे हडपसरला विसाव्याच्या गर्दीतून मी जरा टेकायला म्हणून एका गल्लीत वळलो, मग तिथल्याच एका मित्राकडे दुपारभर ताणून दिली आणि रात्री दहाला लंगडत कोथरूडला पोचलो. बायकोनं गरम पाण्याचं घमेलं आणलं, मी पाय बुडवले, कण्हलोही. सोसायटीच्या सत्यनारायणाला माझ्या हस्ते नारळ फोडला.

तर यंदा खरं चालायचं होतं. ओळखीतून एका दिंडीत नाव घातलं, रीतसर भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरली. दिंडी परभणीकडची. सगळे आळंदीपासून चालत आलेले, मी एकटाच भवानी पेठेत ताज्या इस्त्रीच्या नेहरू शर्टात उभा. बायकोनं बनियनला आतून चोरखिसा शिवून दिला होता. "गर्दीत पाकीट यात ठेव," असं तिनं तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हणालो आणि पाकीट नेहमीच्या खिशात ठेवलं.

पहाटे माउली निघाली. पूलगेटपर्यंत अंगावर काटा होता. त्यानंतर अंगावर फक्त लोक होते. पुणेकर वारकऱ्याला इतक्या प्रेमानं खाऊ घालतो की चालायला जागा उरत नाही. त्यात एकादशी, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, पुन्हा केळी. फुटपाथवर चांभारदादा फुकट चपला शिवत बसले होते, कुणी पायांना तेल लावून देत होतं. माझ्या मागे आमच्या दिंडीतला सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. तो टाळ बरोबर माझ्या उजव्या कानाच्या उंचीवर वाजवायचा. दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा तो हसून "माउली!" म्हणाला. यावर काय बोलणार?

हडपसर. ती गल्ली आली तेव्हा मी मान दुसरीकडे फिरवली. इथं तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउली सासवडच्या रस्त्याला लागते. फुरसुंगी, उरुळी देवाची कधी गेली कळलं नाही. कळत होती फक्त डावी टाच.

वडकीला घाटाच्या अलीकडे मी बसलो. बसलो म्हणजे एका टेम्पोच्या सावलीत कोसळलो. बूट नवे, आठ दिवस आधी घेतलेले, 'लांब चालण्यासाठी खास' म्हणून. आजूबाजूला बायका झिजलेल्या स्लिपरवर डोक्यावर तुळस घेऊन हसत चालल्या होत्या. मोजा काढला तर टाचेवर लिंबाएवढा फोड. पाऊस भुरभुरत होता आणि मला पांडुरंगाचा, बूटवाल्याचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग आला होता.

आमच्याच दिंडीतल्या एक आजी शेजारी येऊन बसल्या. गंगाखेडच्या. न विचारता त्यांनी माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी पाय मागे घेऊ लागलो, म्हटलं, आजी, पाय कसला मांडीवर घेता.

"गप बस माउली. पाय तुझा नाही, वारीचा आहे."

चंचीतून सुई काढली, पांढरा दोरा ओवला, तेलाच्या बाटलीत बुडवला. सुई फोडाच्या एका कडेनं आत घातली आणि दुसऱ्या कडेनं बाहेर काढली. दुखलं नाही, नुसतं गार लागलं. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं दातांनी तोडली. त्या दोऱ्यावरून पाणी थेंबथेंब टिपलं जाऊ लागलं. (डॉक्टर मेव्हणीनं हे वाचू नये.)

हे सगळं चालू असताना आजी मला त्यांच्या फजितीची यादी ऐकवत होत्या. एका वर्षी कीर्तनात झोप लागून पुढच्या बाईच्या तुळशीवर पडल्या. एका वर्षी नीरेच्या पाण्यात स्वतःचंच लुगडं सोडून आल्या आणि सगळीकडे सुनेला दोष देत फिरल्या. आणि एकदा हडपसरला पिवळ्या लुगड्यातली बाई दिसली, ती आपल्याच दिंडीतली समजून तिच्या मागं मागं निघाल्या. ज्ञानोबा-तुकाराम म्हणत, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळी बघतात तर लोणी काळभोर.

"मग हो?"

"मग काय. तुकोबाबी आपलाच. पण चटई सासवडला अन् मी लोणीला!" त्या हसताना इतक्या हलल्या की माझा पायही हलला. सासवडला माउलीचा दोन रात्री मुक्काम असतो म्हणून बरं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी जीपमध्ये घालून आणून सोडलं. "अजून सगळे मला लोणीवाली म्हणतात. मीबी ओ देते."

मी त्यांना डोशाचं सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण आजूबाजूला दिंडीतले आणखी चार जण होते.

डोसा अजून सांगितला नाही का मी? मित्राकडे जाण्याआधी हॉटेलात शिरलो होतो. तीही एकादशीच होती. या मजकुरात ते कुठं घालावं कळत नव्हतं.

दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. माझी सॅक टाळवाल्या पोरानं न सांगता स्वतःच्या खांद्यावर घेतली. वळणावर मागे पाहिलं तर खालपर्यंत पताकाच पताका, पलीकडे मस्तानी तलाव. पोरगा म्हणाला, "काका, रडता का?" म्हटलं, घाम आहे.

सासवडच्या तळावर पोचलो आणि खिशात हात घातला. पाकीट नव्हतं.

इथून पुढचं लिहिताना लाज वाटते. माझं पोट लोकांच्या चुका शोधण्यावर चालतं, हिशेब तपासनीस आहे मी. मी डोक्यात तपासणी सुरू केली. सॅक कुणाकडे होती? घाटभर मागे कोण होतं? दिंडीप्रमुखांना बाजूला घेऊन म्हणालो, मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण. आणि 'पण' म्हटल्यावर नाव घेतलंच. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि सोहळ्याची शिस्त बघणाऱ्या चोपदारांकडे निरोप धाडला.

समाजआरती. चोपदारांनी दंड उंचावला, "होऽऽऽ" अशी आरोळी दिली आणि एवढा मोठा तळ एका क्षणात गप्प झाला. मागे कुठल्याशा दिंडीची तक्रार असावी, म्हणून त्यांचे टाळ वाजतच राहिले, चोपदार तिकडे गेले, थांबले. मग हरवलं-सापडलं. एक चष्मा. एका माउलीची कानातली कुडी. एक पिशवी, आत दोन पातळं. आणि मग, पुण्याच्या एका माउलींचं तपकिरी पाकीट.

माझंच पाकीट पुकारलं गेलं म्हणून मी भाविकपणे छातीवर हात ठेवला. छातीवर काहीतरी चौकोनी लागलं.

वडकीला बूट काढायला वाकताना पाकीट पडेल म्हणून मीच ते चोरखिशात सरकवलं होतं. आजींच्या गप्पांत साफ विसरलो. लोक हात जोडून उभे होते आणि मी बनियनमधल्या पाकिटासकट. आरती सुरू झाली. मला एक ओळ म्हणता आली नाही. आधी शरमेनं, मग हसू दाबताना. आजी शेजारीच होत्या. त्यांनी माझ्या छातीवरच्या हाताकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि खांदे हलवत उभ्या राहिल्या.

पोरगा आरतीला नव्हताच. सामानाच्या ट्रकखाली मोबाइलची बत्ती लावून तो माझं पाकीट शोधत होता. मी त्याला सगळं सांगितलं, त्याचं नाव घेतलं होतं तेही. तो थोडा वेळ गप्प राहिला. गुडघ्यांवरचा चिखल झटकला. मग म्हणाला, "म्हणून त्याला चोरखिसा म्हणतात व्हय काका?" आणि वरईचा भात वाढतात का ते बघायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं माझ्याशी बोलणं जरा टाळलं. चहा आणून दिला, पण थांबला नाही. ते योग्यच होतं.

रात्री तंबूत बायकोला फोन लावला. टाचेतला दोरा, पाकीट, पोरगा, सगळं सांगितलं. आणि त्याच ओघात गेल्या वर्षीचं हडपसरही सांगून टाकलं.

"माहितेय," ती म्हणाली. "विजार धुवायला टाकलीस तेव्हा खिशात बिल होतं. मसाला डोसा, फिल्टर कॉफी. दुपारचे एक वाजून दहा मिनिटं. घाट चढत होतास ना तेव्हा?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"नारळ फोडताना तुझा चेहरा बघायला मजा येत होती."

मी जरा वेळानं म्हणालो, "एकच डोसा होता."

"बिल आहे माझ्याकडे. दोन."

"दोन?"

"दोन. एकादशीला."