तुम्ही विचारलंत म्हणून: ई. कोलाय या एकपेशी जिवाणूला, एकाचे दोन होताना, तुटायचा मध्य कसा सापडतो?

नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायचं, टेबल सांभाळते. कुणाला मायक्रोस्कोपखाली ई. कोलाय दाखवली की हटकून प्रश्न येतो, "डोळे नाहीत, मेंदू नाही, मग बरोबर मध्यावरच कशी तुटते हो ही?"

ती मध्य शोधतच नाही. मध्य सोडून बाकी सगळीकडे तिला मनाई असते.

जेमतेम 2 मायक्रॉनची (मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन) दांडी. तुटायच्या आधी तिच्यात एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं तयार होतं, आणि त्या कड्याच्या रेषेत नवी भिंत आत आत सरकत येते. कडं टोकाजवळ झालं, तर तिथून तुटलेलं पिल्लू डीएनएविनाच जन्मतं. अशा रिकाम्या 'मिनीसेल्स'चं वर्णन 1967 सालीच झालंय.

टोकं राखतात ती मिन प्रथिनं. मिन-सी कडं होऊ देत नाही, मिन-डी त्याला पेशीच्या आवरणाशी धरून ठेवतं, मिन-ई मागून येऊन मिन-डीला उठवतं. उठलेलं मिन-डी पलीकडच्या टोकाला जाऊन बसतं. तिथेही मिन-ई पोचतंच. एक फेरी साधारण मिनिटाभराची. चमकणारं प्रथिन जोडून ही येरझार 1999मध्ये पाहिली गेली. आपली ठाणे-वाशी लोकल घ्या. ठाण्याला बराच वेळ उभी, वाशीला बराच वेळ उभी, मधल्या घणसोलीला मात्र चढेपर्यंत सुटली. उपमा फार ताणू नका, कारण ठाण्याजवळच्या ऐरोलीलाही ती तेवढीच थांबते. पेशीत मात्र मध्याकडे यावं तसा पहारा विरळ होत जातो. शिवाय एसएलएमए नावाचा दुसरा पहारेकरी डीएनएवरच बसलेला असतो. डीएनएच्या दोन प्रती बाजूला सरल्या की मधली जागा मोकळी.

आणि कधी तुटायचं? हे मला जास्त आवडतं. प्रत्येक पेशी, जन्मताना केवढीही असो, साधारण ठरावीक लांबीची भर घालते आणि तुटते. समजा भर 2 मायक्रॉनची. 3ची जन्मली तर 5 होऊन तुटणार, म्हणजे मुली अडीचच्या. त्यांच्या मुली सव्वादोनच्या. चार पिढ्यांत घराणं जाग्यावर.

मागे एका बाईंचं युरिन सॅम्पल आलं होतं. केमिस्टकडून सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक आणून दोन दिवस घेतलं, मग तपासणीला आल्या. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून पाहिलेल्या स्लाइडवर, दांड्यांऐवजी लांबच लांब गुलाबी धागे, नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे फंगस का?" फंगस कसलं! हे औषध तुटण्याच्या जागची भिंत बांधणारं प्रथिन अडवतं. कडं होतं, पण भिंत पुढे सरकत नाही. लांबी मात्र वाढतच राहते. एफटीएसझेडमधलं एफटीएस हे नावसुद्धा असल्याच धाग्यांवरून आलंय: तापमान चढवलं की तुटायचं थांबून धागे होणाऱ्या ई. कोलायवरून.

त्या सॅम्पलची प्लेट लावली होती. सकाळी मॅकाँकीवर (जिवाणू वाढवायच्या एका माध्यमावर) गुलाबी कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, आल्या होत्या. एक उचलून स्लाइड केली, त्या मुलीलाच बघायला दिली. औषध सुटलं होतं. सगळ्या आखूड दांड्या, काही मध्यावर आवळलेल्या.