दरसालच

रविवार, २ मार्च

दोनदा डोक्यावरून पाणी घेतलं, ओढणी वेगळी भिजत घातली, तरी धुराचा वास जात नाही. नखांतली राखही तशीच. साडेदहा वाजून गेलेत, उद्या सकाळी लवकर निघायचंय. झोप येणार नाही हे कळतंय म्हणून वही घेतली.

डोंगरावर लावलेली आमची रोपं वणव्यात गेली, त्याचं दुःख बुधवारीच करून झालं. शिवरात्रीची खिचडी परतत होते आणि दादाचा फोन आला. "पूर्वेकडनं आलं. गेलं बहुतेक." एवढंच बोलला. गॅस बंद करून तिथेच खाली बसले, रडले, मग उठून सगळ्यांना वाढलं. ते झालं. आज जे सलतंय ते वेगळं आहे. एक शब्द आहे नुसता.

सकाळी सातला नाशिकजवळच्या चामरलेणीच्या मागच्या अंगाने चढलो. पायथ्याचा जुना पळस फुललाय, त्याच्यापुढे सगळं काळं. पाऊल टाकलं की राख भुरभुर उडत होती. समोर रामशेज किल्ला नेहमीसारखा स्वच्छ दिसत होता आणि मला त्याचाही राग आला. आमच्या काठ्या जळाल्या, काठ्यांना बांधलेल्या लाल चिंध्या जळाल्या, त्यामुळे कुठलं रोप कुठे होतं हे आळ्यांच्या दगडांवरून शोधावं लागत होतं. खाली वाकायचं, काडीची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर दादाला ओरडून सांगायचं, तपकिरी दिसलं तरी सांगायचं. तो वहीत रेघ मारत होता.

तेवढ्यात तो पोरगा आला. अकरा-बारा वर्षांचा असेल. पाच-सहा शेळ्या, हातात काठी, कानाला जुनी मफलर. तो नेहमी दिसतो. बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमचं हे दरसालच जळतं का?"

मी म्हणाले, "नाही रे, यंदा जरा..." पुढचं काही सुचलंच नाही. त्याने मान हलवली आणि शेळ्यांमागे निघून गेला.

टोमणा नव्हता त्यात. मोठ्या माणसाने म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, भांडले असते. आमच्या बिल्डिंगमध्ये तर तोंडावर म्हणतात, डोंगरावर पाणी नेऊन ओतण्यापेक्षा खाली चार कुंड्या ठेवा. त्याचं मला काही वाटेनासं झालंय. पण या पोराला खरंच माहिती हवी होती. पाऊस दरसाल येतो, यात्रा दरसाल भरते, तसंच यांचं जळणंही दरसालचं असतं का, एवढंच. आणि मी खोटं बोलले. लहान मुलाशी.

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. पहिल्या पावसाळ्यात १४० रोपं, मार्चमध्ये वणवा. दुसऱ्या पावसाळ्यात ८५, एप्रिलमध्ये पश्चिमेचा उतार जळला. गेल्या पावसाळ्यात ६०, आणि आता हे. तीन वर्षं, तीन वणवे. दरसालच. त्याचं एक अक्षरही चुकलं नव्हतं.

मग मी वही मिटून बसले आणि स्वतःची खूप कीव केली. लिहायचंच तर खरं लिहावं. तीन वर्षांचे रविवार. खालच्या हापशावरून पाच-पाच लिटरचे कॅन दोन हातांत, तासाभराची चढण, उजवा गुडघा. भाचीच्या बारशाला उशिरा गेले, त्यावरून अजून ऐकते. पर्यावरण दिनाला रोप हातात धरून उभे राहणारे शंभर मिळतात. मार्चमध्ये पाणी घालायला आम्ही चौघं, त्यातल्या दोघांची कॉलेजची परीक्षा. आणि इतकं करून हाती काय, तर एका पोराला वाटावं की या बाईंचं जळतच असतं. दुपारभर हेच डोक्यात. कपडे वाळत घालताना तोच शब्द, भाजी निवडताना तोच.

पूर्वेची जाळरेषा राहिली होती. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळायला लागतं, कमरेइतकं उभं असतं. डिसेंबर-जानेवारीत दहा-बारा फुटांचा पट्टा कापून, पार मातीपर्यंत खरडून साफ केला की आग तिथवर येते आणि पुढे खायला काही नाही म्हणून विझते. तीन बाजू झाल्या होत्या. चौथी १९ जानेवारीच्या रविवारी करायची होती, आणि तो रविवार मीच पुढे ढकला म्हटलं, हळद होती म्हणून, आणि मग... असो. दादा त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. आजही नाही बोलला.

येताना पंचवटीत अडकलो. पुढे गाड्या जागच्या हलेनात. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, लहान मुलं खांद्यावर. मग लक्षात आलं, आज २ मार्च. दादाने गाडी बंद करून कडेला लावली. काळारामाच्या दिशेने माणसं जात होती आणि आम्ही दोघं राखेने माखलेले तिथे उभे.

१९३० सालच्या याच दिवशी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह सुरू झाला, आज ९५ वर्षं झाली. शाळेत हे एका ओळीत शिकवलं होतं, आणि त्या ओळीत पहिला दिवसच असतो: बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारोंची मिरवणूक, बंद दरवाजे. आज पहिल्यांदा माझ्या मनात दुसरं वर्ष आलं. तिसरं आलं. चौथं. सत्याग्रह चार-पाच वर्षं चालला. त्या सबंध काळात दार उघडलं नाही. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले, तुरुंगात गेले, त्यांची रोजची मजुरी बुडाली असेल ती वेगळीच. तिसऱ्या वर्षी गावाकडून निघताना त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल ना, यंदाही चाललात का? काय सांगितलं असेल त्या बाईने? घरातून भाकरी बांधून निघालेली एखादी असेलच.

माझी रोपं त्यांच्या शेजारी ठेवायची माझी हिंमत नाही. मला कुणी दगड मारलेला नाही. पाणी घालायला मला कुणी अडवत नाही, आणि त्यांची लढाई पाण्याला हात लावू दिला जातो की नाही इथपासून होती. तुलना म्हणून हे लिहीत नाही. त्या गर्दीत उभी असताना मला फक्त विचारायचं होतं की बाई, तू पुन्हा निघायचीस तेव्हा सकाळी उठल्यावर मनात पहिलं काय यायचं?

आणि त्यातली जी गोष्ट मला आधी कधीच नीट कळली नव्हती ती ही की सत्याग्रह कुणी मोडून काढला म्हणून संपला नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच दादासाहेबांना पत्र लिहून थांबायला सांगितलं. मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून आपण हे सुरू केलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या माणसांना जाग यावी, आपली स्थिती त्यांना दिसावी, यासाठी ते होतं आणि ते काम झालं. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. दार बंदच होतं. ते दारावरून पुढे निघून गेले.

हे मी किती वेळा वाचलं असेल. पण नेटाने करत राहणं म्हणजे तेच तसंच करत राहणं, असं मी धरून चालले होते. वर्षानुवर्षं. खड्डा दोन बाय दोन, शेणखत, रोप, आळं, पाणी, वणवा, पुन्हा खड्डा. थांबून विचारलंच नाही की आपण हे नेमकं कशासाठी सुरू केलं. म्हणजे मला माहीत आहे कशासाठी. पहिला खड्डा कुणासाठी घेतला ते मला आणि दादाला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. त्या बहाव्याकडे आज मी गेलेच नाही. दादा गेला असेल, मी विचारलं नाही.

संध्याकाळी न राहवून दादाला फोन केला आणि पोराचं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे, लहान आहे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरोबरच विचारलं की. त्यांचं गवतपण दरसालच जातं ना."

मी फोन हातात धरून तशीच बसले.

त्याच्या शेळ्या. त्या काळ्या उतारावर त्याच्या शेळ्या काय हुंगत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला ते दिसलं नाही. वणव्यानंतर पाऊस पडेपर्यंत त्या डोंगरावर त्यांना खायला काय आहे? पाला नाही, वाळलेलं गवत नाही. "तुमचं हे" म्हणाला तो. आपलंही जातं, यांचंही जातं का, असं विचारत होता की काय? मी आपली त्या एका शब्दात माझीच नापासाची पत्रिका वाचत बसले दिवसभर.

याहून वाईट एक आहे. गवत जाळलं की पावसात नवं जोमाने फुटतं असं काही जण मानतात, त्यासाठी मुद्दाम काडी लावतात, हे खरं आहे. पण कुणी विझवायची विसरलेली बिडीही असू शकते. आम्ही मात्र तीन वर्षं डोळे झाकून धरून बसलो की हे शेळ्यावालेच लावतात. मीच बोलले आहे तसं. मोठ्याने, दोन-तीनदा. कुणाशी बोलून नाही, कुणाला विचारून नाही. तीन वर्षांत त्या पोराचं नाव विचारलं नाही आणि त्याच्या घरच्यांवर आळ घेऊन मोकळी झाले.

दादा म्हणतो, दिवाळीच्या आधीच त्यांना सांगू, गवत तुम्ही कापून न्या. रोपांमधलं, कडेचं, सगळं. वाळून उभं राहिलंच नाही तर आग धावणार कशावर? त्यांना चारा, आपली अर्धी जाळरेषा तिथेच झाली. रोपांवर विळा चालू नये म्हणून काठ्या ठळक लावाव्या लागतील. वनखात्याला विचारावं लागेल ते वेगळं. मी म्हटलं, हे तुला आज सुचलं? तर म्हणाला, मागच्याच वर्षी बोललो होतो, तू ऐकलं नाहीस. बोलला असेल. तेव्हा मला रोपांच्या आकड्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आकडा आजचा लिहून ठेवते. दिवाळीला मोजली तेव्हा ११२ जिवंत होती. आज ३८ हिरवी. ४१ तपकिरी. उरलेल्या ३३ ठिकाणी सांगता येत नाही, काहींचं आळंच सापडलं नाही, आणि अकरानंतर ऊन सोसेना. ४१ मेली असंही म्हणता येत नाही. पळसाचं मूळ शाबूत असेल तर तो वरून जळाला तरी बुडातून पुन्हा फुटतो. शिवण, बहावा यांची पानं या दिवसांत तशीही गळालेली असतात, काडीच उभी असते. मेलेली काडी आणि झोपलेली काडी मार्चमध्ये सारखीच दिसते. पालवीच्या दिवसांत काही कळेल, काहींचं पाऊस पडल्यावरच कळेल. म्हणजे तोपर्यंत सगळ्यांनाच पाणी घालायचं. कुणाला पोचतंय ते न कळता.

सकाळी हे मला शिक्षेसारखं वाटलं होतं. अजूनही हलकं वाटत नाही, पण सकाळचा तो ताण गेलाय. दुपारी मी दादाला मेसेज लिहिला होता की आता बास, यंदा खड्डे नकोत. पाठवला नव्हता. आत्ता पाहिलं तर अजून तिथेच होता. पुसला नाही, पाठवलाही नाही. दुसरा अर्धा खरा आहे असं वाटतं. यंदा नवे खड्डे नकोतच. आहे त्याला पाणी आणि दिवाळीच्या आधी गवत, एवढंच करावं. त्याला हरणं म्हणायचं असेल तर मी हरले. मला चालेल.

पुढच्या रविवारी लवकर निघायचं. पोरगा आठच्या सुमाराला खिंडीकडून येतो. त्याला आधी खरं उत्तर द्यायचं आहे: हो रे, दरसालच जळतं, तुझ्या शेळ्यांचं काय होतं मग? घरी मोठं कोण असतं तेही विचारायचं.

दोन कॅनची बुचं गळतात, सोमवारी बघू. काठ्या दादा आणतोय. चिंध्या लागतील, निदान सव्वाशे. लाल साडी कपाटातून काढून ठेवली आहे फाडायला. आईची नाही, दुसरी.